हिरूची जागा

संग्रहालयाचा वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर छापून आलाय. त्यात सगळं आहे. वर्षभरात पाच प्रदर्शनं झाली, एकोणीस हजार माणसं येऊन गेली, एक्केचाळीस शाळांच्या सहली झाल्या, एक नवं दालन उघडलं. पान चौदावर कर्मचाऱ्यांचा फोटो आहे. त्यात मागच्या रांगेत डावीकडून तिसरी मनोरमा, डोळे मिटलेली, कारण फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. खाली लिहिलंय, 'दालन सहायक'. बस, एवढंच. त्या वर्षात मनोरमाचं काय झालं ते त्या अहवालात शोधून सापडायचं नाही. आकडे मिळाले की अहवालाचं पोट भरतं. म्हणून ते आपण सांगू.

वसई गावात भात सडायची एक जुनी गिरणी होती, वीसेक वर्षं बंद पडलेली. एका ट्रस्टनं ती घेतली, पत्रे काढून कौलं घातली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि तिथं चित्रांचं संग्रहालय काढलं. नाव चांगलं लांबलचक आहे, पण रिक्षावाल्याला नुसतं 'गिरणी' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. मनोरमा तिथं झाडलोटीला लागली होती. विरारला मनवेलपाड्यात घर, नवरा शत्रुघ्न कंपनीतून रिटायर होऊन टीव्हीसमोर बसलेला, मुलगा आपल्या संसारात. घरात बसून अंगाला गंज चढेल म्हणून ती बाहेर पडली. चित्रांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. चित्राखालची फरशी लख्ख असली की तिचं काम झालं.

एप्रिलमध्ये नवं दालन उघडायचं होतं. वसईच्या किनाऱ्याची चित्रं, ज्याच्या त्याच्याकडून मागून आणलेली. खोकी फोडायचं काम चाललं होतं आणि मनोरमा खाली पडलेला फोडांचा प्लॅस्टिक कागद गोळा करत होती. वर बघितलं तर समोर भिंतीला एक चित्र टेकवून ठेवलेलं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या दोन वलांड्या, त्यांच्या मधे एक कोळीण, पाठमोरी. कमरेवर रिकामी पाटी. मान थोडी खाली, खांदे किंचित वर ओढलेले. अंगावर हिरवं लुगडं, त्यावर बारीक लाल चौकडी, आणि पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, पिवळ्या रंगाचे चार-पाच आडवे फटकारे.

मनोरमा हातातल्या कागदासकट खाली बसली. कुणीतरी विचारलं, चक्कर आली का. ती हो म्हणाली.

ते लुगडं तिच्या घरात होतं. अख्खं नाही, वीतभर तुकडा. मावशीनं शिवलेल्या गोधडीत, एका कोपऱ्यात, हिरव्यावर लाल चौकडी आणि मधोमध पिवळ्या दोऱ्यानं केलेलं रफू. 'ही तुझ्या आयशीच्या लुगड्याची,' एवढंच मावशी म्हणायची. मनोरमाची आई हिरू, वसईच्याच पाचूबंदरची, कावीळ होऊन गेली तेव्हा ही चार वर्षांची. बापानं दुसरं लग्न केलं नि दुसऱ्या बंदराला गेला. मावशीनं हिला सातपाटीला नेलं आणि पाचूबंदरचं दार कायमचं बंद करून टाकलं. त्या घरचं नाव काढलं की मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, म्हणून मनोरमानंही काढलं नाही. आईचा एकही फोटो नव्हता. त्या काळी कोळणीचा फोटो काढतो कोण? आठवण म्हणावी तर एकच. पहाटेची वेळ, ही उंबऱ्यात बसलेली, आणि आई पाटी घेऊन बाजाराला निघालेली. जाणारी पाठ. तेवढी पाठ आणि तिथंच आठवण संपते. पुढं कितीही डोळे मिटले तरी आई काही वळत नाही.

आणि आता तीच पाठ त्रेपन्न वर्षांनी चौकटीत बसून समोर आली होती, ती पण वळायला तयार नाही.

मनोरमानं हे कुणाला सांगितलं नाही. शत्रुघ्नला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हिरवी लुगडी काय एकाच बाईनं नेसली होती काय. तसा तो सोन्यासारखा माणूस आहे, पण काही गोष्टी नवऱ्याला सांगायच्या नसतात. तिनं दुसरंच केलं. संग्रहालयाच्या प्रमुख सुरुचीमॅडम, वय चौतीस, कायम तीन कामं एकदम करणाऱ्या, त्यांच्याकडे जाऊन म्हणाली की झाडलोट पुरे झाली, मला नव्या दालनात राखणीला बसवा. मॅडमना आनंदच झाला. बाईंना कलेची गोडी लागली असं त्यांना वाटलं, आणि तसं त्यांनी अहवालात लिहिलंही आहे, पान नऊवर, नाव न घेता.

मग ती बसू लागली. स्टूल कुठं ठेवायचं हा तिचा तिनं ठरवलेला मामला. दाराजवळ ठेवायची पद्धत होती. तिनं ते उचलून चित्राच्या समोर, जरा डावीकडे, सात-आठ पावलांवर नेऊन ठेवलं. तिथून लुगड्यावरचं ते पिवळं रफू नीट दिसायचं. चित्राखाली पाटी होती: 'प्रतीक्षा. तैलरंग, १९७१. चित्रकार लेस्टर. समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहणारी कोळी स्त्री. वर ओढलेल्या खांद्यांतून दुःखाचा भार सूचित होतो. पदरावरील पिवळे फटकारे म्हणजे मावळतीचं ऊन.' ऊन म्हणे! मनोरमाला ते वाचून रोज एकदा राग यायचा. आणि संध्याकाळी सहाला, शेवटचा माणूस बाहेर गेला की दिवे मालवायच्या आधी ती हळूच म्हणायची, 'एकदा वळ ना गो.' मग बटण बंद करायची.

वर्ष असं चाललं. चित्रं येत होती, जात होती. पावसाळ्यात बागायतीच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, केळीच्या आणि पानवेलींच्या. गणपतीनंतर 'संग्रहालय आपल्या दारी' म्हणून एक टेम्पो निघाला, त्यात चित्रांच्या छापील प्रती. तो नेमका मनवेलपाड्यातही आला, मनोरमाच्या बिल्डिंगच्या आवारात. शेजारणींनी चित्रं बघितली आणि मनोरमाला विचारलं की दिवसभर स्टुलावर बसायचे पैसे देतात होय, आमचंही नाव घाल की. मनोरमा हसली. त्या प्रतींत तिची बाई नव्हती, त्यामुळे तिला टेम्पोत काही रस नव्हता.

दिवाळीला जूचंद्रच्या रांगोळीवाल्यांना बोलावलं. जूचंद्रची माणसं रांगोळीत माणसाचा चेहरा काढतात तो असा की डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसावं. विघ्नेश नावाचा एकजण तीन दिवस मोठ्या हॉलच्या फरशीवर पोटावर पडून एका म्हाताऱ्या कोळ्याचा चेहरा काढत होता. मनोरमा दुपारच्या सुट्टीत त्याच्या बाजूला जाऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, की एखाद्या माणसाची नुसती पाठ दिसत असेल तर त्यावरून पुढचा चेहरा काढता येतो का. तो म्हणाला, मावशी, फोटो लागतो. फोटो नाहीये म्हटल्यावर त्यानं विचारलं, मग ती बाई कुणासारखी दिसायची ते सांगा. तुमच्यासारखी?

मनोरमा बाथरूमच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. सत्तावन्न वर्षांचं तोंड. आई गेली तेव्हा पंचविशीची होती. लेक आईपेक्षा दुपटीनं म्हातारी झाली होती, आता आरशात काय शोधणार? ती तोंडावर पाणी मारून परत जागेवर आली. प्रदर्शन संपलं तेव्हा विघ्नेशनं स्वतःच्या हातानं तो चेहरा पुसला, हसत हसत, आणि रांगोळी सुपलीत भरून घेतली. मनोरमाला ते बघवलं नाही.

जानेवारीत पत्र आलं. चित्रकार लेस्टर वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी पॉलिन नाशिकला असते, चित्र तिचं. वर्षभरासाठी दिलेलं, मुदत मार्चअखेर. तिनं लिहिलं होतं, की पप्पा नेहमी म्हणत, हे चित्र त्या बाईच्या माणसांकडे असायला हवं, पण ती बाई कोण हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. तुम्हाला तिची माणसं सापडली तर चित्र त्यांचं, ते ठेवतील तिथं राहील. नाही सापडली तर मी मार्चमध्ये येऊन घेऊन जाईन, माझ्या घरातली भिंत वर्षभर रिकामी आहे.

सुरुचीमॅडमनी ते पत्र मीटिंगमध्ये वाचलं आणि मनोरमाच्या मनात आलं, उठून सांगावं, मी आहे तिचं माणूस. पण पुरावा काय, तर गोधडीचा कोपरा. मॅडम चांगल्या आहेत, पण ट्रस्टी मंडळी गोधडीवर विश्वास ठेवतील होय? त्या बाईला ओळखणारं कुणीतरी पाचूबंदरचं हवं. मॅडमनी तेच ठरवलं होतं. पाचूबंदरच्या बायकांना एक दिवस गिरणीत बोलवायचं, चहापाणी करायचं, चित्रं दाखवायची. महिन्यातला दुसरा शनिवार. चाळीस खुर्च्या मांडल्या, दीडशे समोसे आणले. एकही बाई आली नाही. समोसे शेवटी शेजारच्या शाळेत वाटले.

मॅडम हिरमुसल्या. त्या लोकांना रस नाही असं काहीतरी म्हणाल्या, तेव्हा मात्र मनोरमाचं डोकं फिरलं. तिनं विचारलं, त्या दिवशी तिथी कुठली होती बघितलीत का? पौर्णिमा. पुनवेला उधाण, जाळी भरून मासळी, त्या दिवशी बायका लिलाव सोडून तुमची चित्रं बघायला येतील? बोलवायचं तर भांगात बोलवा, अष्टमीच्या आसपास. तेव्हा पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात, बायकांना फुरसत असते. मॅडमनी आधी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि म्हणाल्या, 'मनोरमाताई, तुम्हीच जाऊन बोलवा.'

पन्नासावर वर्षांनी ती पाचूबंदरला गेली. किल्ल्याच्या बाजूनं रिक्षा वळली आणि वास आला, सुक्या बोंबलांचा, तेव्हाच तिचे डोळे भरले. वास तिला आठवत होता, घर आठवत नव्हतं. धक्क्यावर, शेडमध्ये, वलांड्यांच्या मधून ती फिरली, हातात संग्रहालयाची पत्रकं. बायकांनी पत्रकं घेतली, काहींनी त्यावर जवळा निवडायला घेतला. हिरूचं घर कुठलं हे विचारायला तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा तिनं भलतंच विचारलं. विचारलं आणि कुणी 'कोन हिरू?' म्हणालं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. येतो म्हणाल्या बायका, एवढ्यावर ती परत आली.

आणि अष्टमीला खरंच आल्या. तेवीसजणी, केसांत गजरे माळून, दोन रिक्षा आणि एका टेम्पोत. गिरणीत असा आवाज भात सडत असतानाही झाला नसेल. चित्रं बघताना त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. ह्या होडीला शीड उलटं लावलंय, ह्या बाईनं पापलेट धरलंय की भाकरी, सगळं मोठ्यानं. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. सगळ्यांत शेवटी काठी टेकत एक म्हातारी चालली होती, फ्लॉसीबाई, सत्त्याहत्तर वर्षांची, गळ्यात क्रूस. ती त्या चित्रासमोर आली आणि थांबली. मनोरमा स्टुलावरून उठून उभी राहिली. वर्षभर ज्याची वाट बघितली ते आता या म्हातारीच्या तोंडून बाहेर पडणार होतं.

फ्लॉसीबाईनं चित्र खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. मग म्हणाली, 'अगो बाय, ही तर माजी पाठ.'

'नाही,' मनोरमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. 'ते लुगडं माझ्या आईचं आहे. ते रफू तिचं आहे.'

म्हातारी वळली. तिनं मनोरमाकडे निरखून बघितलं. बाकीच्या बायका पुढच्या दालनात गेल्या होत्या.

'लुगडं हिरूचंच,' ती म्हणाली. 'तू हिरूची पोर?'

मनोरमाचं काय झालं म्हणून सांगू? वर्षभर जपलेली आई एका वाक्यात गेली आणि त्याच वाक्याच्या शेपटाला आईचं नाव आलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा परक्याच्या तोंडून. ती रडायला लागली. फ्लॉसीबाईनं तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः काठीवर भार देऊन उभी राहिली.

मग तिनं सांगितलं. लेस्टर साहेब मुंबईहून रविवारी यायचा, डोक्यावर हॅट, हातात रंगांची पेटी. त्याला हिरूचं ते हिरवं लुगडं आवडलं होतं. तिलाच उभं राहा म्हणाला. पण हिरूची सासू म्हणजे आग, परक्या माणसासमोर उभी राहिली म्हणून घरात घेतलं नसतं. हिरू आणि फ्लॉसी सख्ख्या मैत्रिणी. हिरू म्हणाली, साहेबाला लुगडं पायजे ना, मग लुगडं नेसून तू राहा उबी. दोघींनी वलांडीमागं जाऊन लुगडी बदलली. फ्लॉसी हिरूच्या लुगड्यात उभी राहिली, पाठमोरी, म्हणजे तिच्या घरच्यांनाही कळायला नको. दोन रविवार. आणि ते रफू? खुंटीला अडकून फाटलं होतं, घरात हिरवा दोरा नव्हता, हिरूनं पिवळ्यानं ओढून घेतलं. साहेबानं तेवढं पण काढलं बघ, म्हातारी म्हणाली, आणि बोट लावायला पुढं झाली. मनोरमानं सवयीनं तिचा हात धरला. चित्राला हात लावायचा नसतो.

'आणि आई?' तिनं विचारलं. 'आई कुठं होती?'

फ्लॉसीबाईनं आजूबाजूला बघितलं. एक डोळा बारीक केला, चित्रापासून मागे सरकली, दोन पावलं डावीकडे झाली आणि काठी फरशीवर टेकवली. काठीचं टोक स्टुलाच्या पायाला लागलं.

'हितं,' ती म्हणाली. 'साहेबाच्या बाजूला, माज्या लुगड्यात, कमरेवर तुला घेऊन. आनि गप बसंल तर हिरू कसली? मला हसवाची. मी हसू दाबून दाबून मेले. ते बघ खांदे कसे वर गेलेत.'

मनोरमानं चित्राकडे बघितलं. ते खांदे. दुःखाचा भार. वर्षभर ती त्या खांद्यांकडे बघून गलबलत होती आणि ते हसू होतं, दाबलेलं, आता फुटतंय की मग फुटतंय असं. तिनं विचारलं, आई काय बोलायची. म्हातारीनं सांगितलं, तिच्या कानाशी वाकून, आणि सांगताना ती पुन्हा तेवीस वर्षांची होऊन हसली.

चहा पिताना फ्लॉसीबाईला पत्राचं कळलं, बाईची माणसं सापडली तर चित्र त्यांचं, हे. तिनं कप खाली ठेवला. तिचा मुलगा कॉन्रॅड, त्यानं नायगावला नवा फ्लॅट घेतलाय, त्याला जर कळलं की ही आपली मम्मी आहे तर तो दुसऱ्या दिवशी येऊन चित्र नेईल, हॉलमध्ये लावील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसेल. 'तुला मग हितं काय ऱ्हानार?' ती म्हणाली. 'तू सांग, माजी आय हाय म्हून. लुगडं तिचंच हाय ना? मी कोनाला नाय बोलनार. मला या वयात पाठ काय कराची?'

त्या दिवसापासून पॉलिनबाई येईपर्यंतचे तीन आठवडे मनोरमाच्या डोक्यात तेच घोळत होतं. खोटं बोलायचं ते कितीसं? लुगडं खरं, रफू खरं, मैत्रीण खरी. एक नाव बदलायचं. बोललं की चित्र तिचं, कायमचं, खाली पाटीवर आईचं नाव, ज्या बाईचं जगात कुठंच नाव नाही तिचं. ती मनातल्या मनात वाक्य घोकायची: ही माझी आई हिरू, पाचूबंदरची. घोकून घोकून ते इतकं पक्कं झालं की एकदा शत्रुघ्ननं मीठ मागितलं तर तेच तोंडातून निघता निघता राहिलं. सुरुचीमॅडमना तिनं एवढंच सांगितलं, की माणूस सापडलंय, पॉलिनबाई आल्या की सांगते.

पॉलिन आली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. साठीची, आखूड केसांची, मवाळ बाई. मॅडमनी ओळख करून दिली. पण ती आधी चित्रासमोर गेली आणि जुनी शेजारीण भेटावी तशी उभी राहिली. म्हणाली, हे आमच्या जेवायच्या टेबलासमोर होतं. लहानपणी मी हिच्याकडे बघत जेवायची. मग मनोरमाकडे वळून तिनं विचारलं:

'मला कायम वाटायचं, ही रडतेय. कुणी इतकं रडवलं असेल हिला?'

मनोरमानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. हिरू म्हणायचं होतं, बस. पण हिरू म्हटलं की ती रडणारी बाई हिरू होणार होती. मुकी, पाठ फिरवून उभी, दुःखाचा भार वाहणारी. आणि जी हिरू इथं, सात-आठ पावलांवर, पोर कमरेवर घेऊन मैत्रिणीला छळत उभी होती, ती कुणाला कधीच कळणार नव्हती. पन्नास वर्षांनी आईचं एक बोलणं हाताला लागलं होतं. ते आता तिनंच पुसायचं का?

'रडत नाही ती,' मनोरमा म्हणाली. 'हसतेय. माझ्या आईनं हसवलंय तिला.'

आणि मग तिनं सगळं सांगितलं. फ्लॉसीबाईचं नाव, लुगड्यांची अदलाबदल, रफू, आई कुठं उभी होती ते, सगळं. गोधडी पिशवीत घालून आणली होती, ती उलगडून दाखवली. पॉलिननं गोधडीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मॅडमची वही बंद होती.

मॅडमनी कळवलं आणि दोन दिवसांनी कॉन्रॅड आईला घेऊन आला, तेव्हा मॅडम आणि पॉलिन दोघीही दालनात होत्या. म्हातारी बोलली होती तस्साच तो निघाला. चित्राची लांबीरुंदी वितीनं मोजून झाली, हॉलमधली सोफ्यामागची भिंत ठरली, टेम्पोवाल्याला फोन लागला. मनोरमा बाजूला उभी होती. तिनं स्टूल उचलून भिंतीला लावून ठेवलं होतं, उगाच पायात यायला नको. मार्चअखेरीला चित्र जाणार हे तर तिला जानेवारीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय होतं?

फ्लॉसीबाई सगळं ऐकत होती. कॉन्रॅडचा फोन संपल्यावर तिनं त्याला विचारलं, तुझ्या हॉलात सोफ्यासमोर काय हाय? टीव्ही, तो म्हणाला. आणि टीव्हीच्या मागे? भिंत, मम्मी.

'मंग हिरूनं उबं कुटं ऱ्हावाचं?' फ्लॉसीबाई म्हणाली.

कॉन्रॅडला काही कळलं नाही. बाकीच्या तिघींना कळलं. म्हातारी काठी टेकत भिंतीपाशी गेली, स्टूल तिला उचलवेना म्हणून फरफटत आणलं आणि जागच्या जागी ठेवलं.

चित्र आता गिरणीतच आहे, कायमचं. अहवालात ते 'संग्रहातील महत्त्वाची भर' म्हणून आलंय. पाटी बदलली. दुःखाचा भार गेला, मावळतीचं ऊन गेलं. आता लिहिलंय: 'फ्लॉसी, पाचूबंदर, १९७१. अंगावर मैत्रिणीचं लुगडं. मैत्रीण हिरू समोर उभी आहे.' उभी होती असं मॅडमनी आधी लिहिलं होतं. मनोरमानं ते बदलून घेतलं.

आईचा चेहरा काही तिला दिसला नाही. आता दिसायचाही नाही, हे ती समजून चुकलीय, आणि तरी वाईट वाटायचं थांबत नाही. कधी दालन रिकामं असलं की ती स्टुलावरून उठते, त्याच जागेवर उभी राहते, एक हात कमरेवर ठेवते, आणि इथं आपण बसलो होतो, याच उंचीवरून हेच बघत होतो, एवढं मनाशी म्हणते. त्या कमरेची ऊब अंगाला आठवते का बघते. आठवत नाही.

सहा वाजतात. शेवटचा माणूस बाहेर जातो. मनोरमा दिव्याच्या बटणावर हात ठेवते आणि त्या हिरव्या पाठीकडे बघते. वळ ना गो, असं ती आता म्हणत नाही. आईनं म्हटलं होतं ते म्हणते, जसंच्या तसं, फ्लॉसीबाईनं कानात सांगितलेलं:

'तोंड फिरवू नको गो फ्लॉशे, गिराईक पलून जाईल.'